आधी ती, मग तो: विली नेल्सनच्या ‘फेझेस अँड स्टेजेस’चं प्रकरण

घटस्फोटावरची गाणी अमेरिकन कंट्री संगीतात पैशाला पासरी मिळतात. सोडून गेलेली बायको, बाटली जवळ करणारा नवरा, रिकामं घर, पहाटेपर्यंत उघडा असलेला बार हा सगळा या संगीताचा रोजचाच माल. त्यामुळे मार्च १९७४ मध्ये अटलांटिक रेकॉर्ड्सने कंट्री गायक-गीतकार विली नेल्सनची ‘फेझेस अँड स्टेजेस’ ही एलपी बाजारात आणली, तेव्हा विषयात नवीन असं काहीच नव्हतं. नवीन होती ती मांडणी. लग्न एकच, मोडलेलं. रेकॉर्डच्या पहिल्या बाजूवर त्याची गोष्ट बायकोकडून, दुसऱ्या बाजूवर नवऱ्याकडून.

या रेकॉर्डवर लिहिणारे बहुतेक जण गाण्यांचं कौतुक करतात, आणि ते रास्तच आहे. पण माझ्या मते खरी करामत गाण्यांच्या क्रमात आहे. हीच गाणी क्रम मोडून ऐकली तर वेगळंच काहीतरी सांगतात. याचा पुरावा त्याच वर्षी दुसऱ्या एका गायकाने आयता देऊन ठेवला. त्याकडे पुढे येतो.

रेकॉर्डच्या आधीचा माणूस

नेल्सनचा जन्म १९३३ चा, टेक्सासमधल्या ॲबट नावाच्या छोट्याशा गावातला. आई-वडील लवकरच वेगळे झाले. त्याला आणि बहीण बॉबीला आजी-आजोबांनी वाढवलं. १९६० मध्ये तो कंट्री संगीताच्या धंद्याचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलला आला आणि वर्षभरात गीतकार म्हणून त्याचं नाव झालं. १९६१ मध्ये फॅरन यंगने त्याचं ‘हॅलो वॉल्स’ गायलं आणि पॅट्सी क्लाइनने ‘क्रेझी’. गीतकार म्हणून पैसेही बरे मिळू लागले. गायक म्हणून मात्र कोणी विचारेना.

त्याचं कारण त्याच्या गळ्यात होतं, आणि त्याहून जास्त त्याच्या तालात. आवाज बारीक, थोडा नाकातला. ओळ जिथे सुरू व्हायला हवी तिथे हा सुरू करत नाही. ठेका पुढे जाऊ देतो, मग सावकाश मागून येतो आणि कधी मध्येच घाई करून समेवर बँडला गाठतो. आपल्याकडे ठुमरी ऐकणाऱ्याला यात काही खटकणार नाही. नॅशव्हिलच्या स्टुडिओत मात्र तो दोष ठरला. तिथलं काम घड्याळावर चाले. तीन तासांच्या एका सेशनमध्ये तीन-चार गाणी उरकायची, वादक ठरलेले, निर्णय निर्मात्याचा. गायकाचा स्वतःचा, गावोगाव फिरणारा बँड बाहेरच थांबे. साठच्या दशकाच्या मध्यापासून नेल्सन आरसीए कंपनीत चेट ॲटकिन्सच्या हाताखाली होता. ॲटकिन्स स्वतः थोर गिटारवादक, पण त्याच्या देखरेखीत नेल्सनच्या आवाजामागे व्हायोलिनचे ताफे आणि कोरस उभे राहिले. आज त्या रेकॉर्डी ऐकल्या की वाटतं, गाणं एका खोलीत चाललंय आणि वाद्यमेळ दुसऱ्या.

एलपी म्हणजे एखादं चाललेलं गाणं आणि सोबत भरताड, अशीच तेव्हा कंट्रीतली रीत. सलग गोष्ट सांगणाऱ्या रेकॉर्डला कंपनीच्या हिशेबात जागाच नव्हती. तरी १९७१ मध्ये नेल्सनने ‘यस्टरडेज वाइन’ नावाचा तसा एक प्रयत्न केला होता. माणसाच्या अख्ख्या आयुष्यावर बेतलेली ती रेकॉर्ड खपली नाही आणि आरसीएशी त्याचं नातं संपत आलं.

घरीही सगळं विस्कटलेलंच होतं. १९७० च्या डिसेंबरमध्ये टेनेसीतलं रिजटॉपचं त्याचं घर जळालं. जळत्या घरात शिरून त्याने आपली गिटार बाहेर काढली. गिटारचं नाव ट्रिगर. नायलॉनच्या तारांची ती मार्टिन गिटार तो आजही वाजवतो. दोन लग्नं तोवर मोडली होती. दुसरं कसं मोडलं ते त्याने पुढे स्वतःच सांगितलंय. ह्यूस्टनच्या एका हॉस्पिटलचं बाळंतपणाचं बिल घरी आलं आणि ते बायकोच्या, शर्लीच्या, हाती पडलं. बिलावर ‘मिसेस नेल्सन’ होतं, पण ती मिसेस नेल्सन वेगळी होती. ही गोष्ट लक्षात ठेवायची ती चवीसाठी नाही. सोडून जाणाऱ्या बायकोची बाजू ज्याने लिहिली, तो माणूस त्या व्यवहारात गुन्हेगाराच्या जागी होता.

वेक्सलर आणि अलाबामा

१९७२ पर्यंत नेल्सन टेक्सासला परतला, ऑस्टिनला राहू लागला. तिथे लांब केसांची पोरं आणि हॅट घातलेले गडी एकाच हॉलमध्ये त्याचं गाणं ऐकत. केस त्यानेही वाढवले. त्याच सुमारास नॅशव्हिलमध्ये गीतकार हार्लन हॉवर्डच्या घरी एका पार्टीत त्याने आपली नवी गाणी एकट्याने, गिटार घेऊन म्हटली. ऐकणाऱ्यांत जेरी वेक्सलर होता.

वेक्सलर हा न्यूयॉर्कचा माणूस. ‘बिलबोर्ड’ या संगीत-व्यवसायाच्या साप्ताहिकात बातमीदार असताना १९४९ मध्ये काळ्या लोकांच्या लोकप्रिय संगीताला ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव त्यानेच दिलं. पुढे अटलांटिकमध्ये त्याने रे चार्ल्स आणि अरीथा फ्रँकलिनच्या रेकॉर्डी केल्या. कंट्रीचे कायदे त्याला पाठ नव्हते, आणि या प्रकरणात तेच पथ्यावर पडलं. एका लग्नाच्या दोन बाजूंवर आख्खी रेकॉर्ड ही कल्पना ऐकून ‘यातलं हिट कोणतं?’ असा पहिला प्रश्न त्याने केला नाही.

अटलांटिकने नॅशव्हिलमध्ये कंट्री विभाग नुकताच उघडला होता. १९७३ मध्ये तिथून नेल्सनची ‘शॉटगन विली’ आली. तिचं ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कचं. पुढच्या रेकॉर्डसाठी वेक्सलरने त्याला अलाबामात, मसल शोल्सला नेलं. ऑफिसातल्या लोकांना हे रुचलं नाही. मसल शोल्स म्हणजे सोल आणि रिदम अँड ब्लूजचं, काळ्या लोकांच्या संगीताचं ठिकाण, तिथे कंट्री गायकाचं काय काम, असा त्यांचा सूर. वास्तविक त्या स्टुडिओचे मालक असलेले चौघे वादक गोरे, दक्षिणेतलेच, कंट्री रेडिओ ऐकत वाढलेले. १९६९ मध्ये ते जुना स्टुडिओ सोडून बाहेर पडले आणि शेफील्ड गावात जॅक्सन हायवेवर त्यांनी आपलं दुकान थाटलं. बॅरी बेकेट कीबोर्डवर, डेव्हिड हूड बेसवर, रॉजर हॉकिन्स ड्रमवर, जिमी जॉन्सन गिटारवर. जोडीला जॉनी गिंबलचं फिडल (कंट्री ढंगाचं व्हायोलिन), म्हणजे बॉब विल्सच्या जुन्या टेक्सास स्विंग बँडमधला पक्का माणूस, आणि जॉन ह्यूईची पेडल स्टील गिटार. जुन्या हिंदी गाण्यांत हवाईयन गिटारचे जे घसरते सूर ऐकू येतात, त्यांचंच हे अमेरिकन भावंड.

दोनेक दिवसांत काम उरकलं. ऐकताना कळतं की का. हूड आणि हॉकिन्स ठेका इतका पक्का धरून बसतात की नेल्सन हवा तितका मागे रेंगाळू शकतो, गाणं कुठे सांडत नाही. नॅशव्हिलला जो दोष वाटत होता त्याला इथे पायाखाली जमीन मिळाली. आणि कोणी मध्ये मध्ये व्हायोलिनं भरत नाही. वाद्यांच्या मधली जागा मोकळी आहे, बाई बोलते तेव्हा तिचं बोलणं ऐकू येतं.

पहिली बाजू

सुरुवातीला एक लहानसं पालुपद. संसाराचे टप्पे, फेरे, सगळ्यांनीच पाहिलेली दृश्यं, थांबा, अजून सांगतो, एवढाच त्याचा आशय. हे पालुपद दोन्ही बाजूंवर गाण्यांच्या मधे मधे परत येतं. त्यामुळे आपण सुटी गाणी ऐकत नसून कोणीतरी कथा लावतंय, याची आठवण राहते.

मग थेट स्वयंपाकघर. ‘वॉशिंग द डिशेस’मध्ये बाई भांडी घासतेय, फरशी पुसतेय, ज्याला तिची पर्वा नाही त्याच्या कपड्यांना इस्त्री करतेय. रडारड नाही, भांडण नाही, दुसरी बाईही नाही. एकेकाळी जी कामं तिला आवडायची त्यांचाच आता तिला तिटकारा येऊ लागलाय, हे गाणं एवढंच टिपतं. मला हे या रेकॉर्डमधलं सर्वांत धारदार निरीक्षण वाटतं. लग्न मोडतं ते बहुधा अशाच ठिकाणी, सिंकपाशी, आणि ते मोडल्याचं दुसऱ्याच्या कानावर बऱ्याच उशिरा जातं.

दुसरं गाणं ‘वॉकिन’. सगळ्या परिस्थितीचा नीट विचार करून ती ठरवते की पळून जाण्यापेक्षा चालत जाणं बरं, आणि सरपटणं तर मुळीच नाही. कोणत्याही घटस्फोटाच्या गाण्यात इतका शांत डोक्याने घेतलेला निर्णय मी ऐकलेला नाही. चालही तशीच, सावकाश, पाऊल मोजून टाकल्यासारखी. तिसरं गाणं म्हणजे तिने मागे ठेवलेली चिठ्ठी. मी कधी नव्हतेच असं समज, माझ्यासारखं थंड प्रेम आठवणीत ठेवून काय करशील! दोष ती स्वतःकडे घेते की टोला मारते, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं. मी दोन्ही ऐकतो.

त्यानंतर जोडून आलेली दोन गाणी. पोरगी माहेरी परत आलीय. आई तिला दिवसभर झोपू देते. आरशात बघून तिला कळतं की आपण किती काळ इथे नव्हतो. आईला तो जावई कधी आवडलाच नव्हता, हेही ओघात कळतं. हे दृश्य कुठल्याही देशात लावा, चालेल. आणि लगेच कोपऱ्यावरचा बिअरचा अड्डा, रॉक अँड रोल, नाचणारी तीच पोरगी. तिची जीन्स पूर्वीपेक्षा जराशी घट्ट झालीय. एका कपड्याच्या उल्लेखात मधली सगळी वर्षं येतात, आणि त्याचं तिला काही वाटत नाही हेही येतं. बाजू संपते एका प्रश्नावर. पुन्हा कोणी आवडू लागलंय, पण हे प्रेमच आहे हे कळायचं कसं? या वेळी जिंकणार की हरणार? भीती खरी आहे, पण ती पुढच्या गोष्टीची आहे, मागच्या नाही.

दुसरी बाजू

रेकॉर्ड उलटायची. इथे माणसाला उठावं लागतं, आणि त्या उठण्यात थोडा वेळ जातो. सुई टेकते आणि ‘ब्लडी मेरी मॉर्निंग’ धावतच सुटतं. नवरा विमानात आहे, लॉस एंजेलिसहून ह्यूस्टनकडे निघालाय, हातात सकाळची दारू. रात्रीत, काही न सांगता ती निघून गेली असं त्याचं म्हणणं.

काही न सांगता! आपण आताच तिची सहा गाणी ऐकून उठलोय. सिंकपाशी तिने किती दिवस सांगितलं ते आपल्याला ठाऊक आहे. तो खोटं बोलत नाहीये, त्याला खरोखरच काही ऐकू आलेलं नव्हतं. क्रमाचा फायदा तो हाच. नवऱ्याची बाजू आधी असती तर आपण त्याच्यासोबत हळहळलो असतो, आणि मग बायकोची बाजू नुसता खुलासा ठरली असती. आता मात्र तो पहिल्या पायरीवर उभा आहे आणि ती कुठल्या कुठे पोचलीय, हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत आहे.

पुढची गाणी तो जिथे आहे तिथेच फिरतात. घरी आलो, ती नाही. ती गेली यावर विश्वास बसत नाही. हे असं व्हायला नको होतं. कधी स्वर्ग, कधी नरक. एकट्या माणसाचं मन खरोखरच असं फिरतं, त्यामुळे याला कंटाळवाणं म्हणवत नाही. यातलं ‘आय स्टिल कान्ट बिलीव्ह यू आर गॉन’ मुळात घटस्फोटाचं गाणंच नाही. नेल्सनचा ड्रमर आणि जिवलग दोस्त पॉल इंग्लिश याच्या पत्नीने, कार्लीनने, आत्महत्या केली होती, त्या दुःखात ते लिहिलं गेलं. रेकॉर्डमध्ये ते त्या जागी चपखल बसतं, आणि तिथेच ते इतर गाण्यांहून जड का वाटतं तेही कळतं. निघून गेलेल्या बायकोचं दुःख आणि मेलेल्या बायकोचं दुःख एकाच सुरात कसं गाता येईल, असा प्रश्न मला पडायचा. आता वाटतं, त्या नवऱ्याला दोन्हींतला फरक कळत नाही हेच त्याचं दुखणं.

शेवटचं ‘पिक अप द टेम्पो’. लोक म्हणतात हा बेताल जगतो, फार दिवस टिकायचा नाही. त्यावर त्याचं म्हणणं एवढंच की ताल जरा वाढवायला हवा. याला उभारी म्हणायचं की पळवाट? ‘वॉकिन’ आठवा. पळण्यापेक्षा चालणं बरं असं ती म्हणाली होती, आणि हा वेग वाढवायला सांगतोय.

जुनी रीत, नवी जागा

दोन्ही बाजू ऐकवायची रीत कंट्रीत नव्हती असं नाही. १९५२ मध्ये हँक थॉम्प्सनच्या एका गाजलेल्या गाण्याने बारमधल्या बाईवर ठपका ठेवला. त्याच वर्षी किटी वेल्सने त्याच वळणाच्या चालीत उलट जबाब दिला की अशा बायका देवाने घडवल्या नाहीत, त्यात पुरुषांचाही हात आहे. ते गाणं बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. एकट्या गायिकेला तिथे तो मान प्रथमच मिळाला. तमाशाच्या फडातले सवाल-जवाब ज्यांनी ऐकलेत त्यांना ही गंमत वेगळी समजवायला नको. पण तिथे सवाल एका रेकॉर्डवर, जबाब दुसऱ्या, आणि जिंकणं हाच हेतू. नेल्सनने दोघांना एकाच तबकडीच्या दोन अंगांवर बसवलं. ते एकमेकांना उत्तर देत नाहीत. त्यांची भेटच होत नाही.

काळही तसा होता. कोणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा कायदा कॅलिफोर्नियात १ जानेवारी १९७० पासून लागू झाला, इतर राज्यं मागोमाग आली. ‘चूक कोणाची?’ हा प्रश्न कोर्टातून हळूहळू बाहेर पडत होता. या रेकॉर्डमध्येही तो कोणी विचारत नाही.

आक्षेप घ्यायला जागा आहे. बायकोची बाजूही शेवटी पुरुषाने लिहिलेली आणि पुरुषाने गायलेली. तिच्या निम्म्या गाण्यांत ‘ती’ आहे, म्हणजे आपण तिला बाहेरून बघतो. नवऱ्याकडे आला की नेल्सन जवळजवळ सगळीकडे ‘मी’वर येतो. माहेर झाल्यावर बाई लगेच नाचायला आणि मग प्रेमात, पोटापाण्याचं काय हा प्रश्न तिला पडतच नाही. हे आक्षेप मला मान्य आहेत. तरीही १९७४ च्या कंट्रीत, ‘नवऱ्याला धरून राहा’ असं सांगणारं टॅमी वायनेटचं गाणं येऊन जेमतेम सहा वर्षं झालेली असताना, घर सोडणाऱ्या बाईला शिक्षा न करणारी पहिली बाजू ही छोटी गोष्ट नव्हती.

पुढे काय झालं

धंद्याच्या भाषेत सांगायचं तर फार काही झालं नाही. एलपी कंट्रीच्या यादीत ३४ व्या क्रमांकापर्यंत गेली, ‘ब्लडी मेरी मॉर्निंग’ १७ व्या. समीक्षक खूश होते. पण त्याच वर्षी अटलांटिकने नॅशव्हिलचा कंट्री विभागच बंद केला आणि रेकॉर्डला पुढे रेटणारं कोणी उरलं नाही.

आता तो क्रमाबद्दलचा पुरावा. १९७४ मध्येच कंट्री गायक वेलन जेनिंग्जने आपल्या ‘धिस टाइम’ या एलपीवर यातली चार गाणी गायली, आणि त्या एलपीच्या निर्मितीत नेल्सनचाही हात होता. त्यात ‘वॉकिन’ आहे. जेनिंग्जचा आवाज भरदार, पुरुषी. त्याच्या तोंडून ‘वॉकिन’ ऐकलं की तो घर सोडणारा गडी होतो, कंट्रीत असे शेकडो आहेत. सिंक, इस्त्री, आईचं घर, सगळं गळून पडतं. गाणं वाईट झालेलं नाही, उलट चांगलंच गायलंय. पण ती बाई त्यात कुठेच नाही.

नेल्सनला मात्र वाट सापडली होती. पुढचा करार कोलंबिया रेकॉर्ड्सशी झाला तेव्हा रेकॉर्डमध्ये काय असावं हे आपणच ठरवणार, ही अट त्याने पदरात पाडून घेतली. १९७५ ची ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ पुन्हा सलग कथेचीच, आणि वाद्यं इतकी थोडी की कंपनीतल्या काहींना तो कच्चा खर्डा वाटला. ती कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. नाव, पैसा, प्रसिद्धी तिथून आली. लोकही नेल्सनची कथा तिथूनच सुरू करतात, आणि ‘फेझेस अँड स्टेजेस’ ही त्याची पूर्वतयारी ठरते. मला हे उलटं वाटतं. ‘स्ट्रेंजर’मधला नवरा बायकोचा खून करतो आणि दंतकथेतला घोडेस्वार बनतो. इथला नवरा विमानात दारू पीत बसतो. हा दुसरा माणूस लिहायला जास्त अवघड आहे.

मोबाइलवर ऐकायची असेल तर शफल बंद करा. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं, पुन्हा प्रेमात पडण्याच्या धास्तीचं, संपलं की थांबवा आणि उठा, पाणी प्या, काहीही करा. ॲपवर पुढचं गाणं दोन सेकंदांत सुरू होतं आणि नवरा तिच्या वाक्यावर वाक्य टाकल्यासारखा मध्ये बोलू लागतो. रेकॉर्ड त्याला ती मुभा देत नव्हती.